डाव्या पायातलं कडं

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास, नाथसागराच्या मधोमध आमरीन होडीत अर्धवट उभी राहिली आणि ओरडली, "त्या पक्ष्याच्या पायात कडं आहे!"

होडी हेलकावली. मागे मोटारीपाशी बसलेल्या भागूबाईने "बसा, बसा" म्हणून हात केला. होडीतल्या नऊ जणांनी दुर्बिणी डोळ्यांना लावल्या, पण तोवर बेटावरचा कुरवांचा, म्हणजे गल पक्ष्यांचा, थवा उडाला होता आणि पाण्यावर नुसती पांढरी भिरभिर उरली होती.

"कुठल्या पक्ष्याच्या?" विश्वजीत सरांनी विचारलं.

"कुरवाच्या. दगडावर बसला होता. डाव्या पायात हिरवं कडं. त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं."

विश्वजीत सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि शहरातल्या पक्षीमंडळाचं सगळं तेच बघायचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी मंडळाची फेरी निघायची. जलाशयातल्या बेटांभोवती होडी फिरवायची, आलेले पाहुणे पक्षी मोजायचे, वहीत लिहायचे. वीस वर्षांत त्यांनी हजारो कुरव पाहिले होते. ते समजुतीने म्हणाले, "मॅडम, जाळ्याचा दोरा असेल. नायलॉनचा. हिरवाच असतो. दरवर्षी कुणाला ना कुणाला असं कडं दिसतं. फोटो आहे का?"

आमरीनकडे कॅमेरा नव्हता. होती ती एक साधी दुर्बीण.

"मग कसं लिहिणार?" सर म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. तेवढ्यात पुढून कुणीतरी बोललं, "चष्मेवाल्या मॅडमनाच चष्मा लागला वाटतं!" होडीभर हशा पिकला.

आमरीनही हसली, पण ते हसू ओठांच्या आत गेलं नाही. क्रांती चौकात तिचं चष्म्याचं दुकान होतं. वडिलांनी, मोहियोद्दीन यांनी, उभं केलेलं. गेली चौदा वर्षं ती चालवत होती. रोज पंचवीस-तीस माणसांना ती समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची. न दिसणारं अक्षर माणूस कसं अंदाजाने ठोकून देतो आणि दिसलेलं अक्षर कसं न अडखळता वाचतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने जे पाहिलं होतं ते अंदाजाचं नव्हतं. दोऱ्याला कडा नसतात. त्या पायात होती ती नीट कापलेली, रुंद पट्टी, आणि पट्टीवर पांढरी अक्षरं. पक्षी कुठून कुठे जातो ते कळावं म्हणून अभ्यासक घालतात तसलं कडं.

फेरी संपली, मंडळी गाड्यांकडे निघाली. आमरीन मात्र काठावर मागे रेंगाळली. भागूबाई होडी ओढून खुंटाला बांधत होती. पन्नाशी ओलांडलेली, काटक बाई. जन्म भोईवस्तीत गेलेला. नवऱ्याच्या कंबरेने दगा दिल्यापासून होडी आणि जाळं दोन्ही तिच्याच अंगावर आलेलं.

"मावशी, पुढच्या रविवारी मला एकटीला न्याल?"

"एकटीला? आन मंडळ?"

"मंडळ दुसऱ्या होडीने जाऊ द्या. मला फक्त त्या बेटाशी जायचंय. आणि मोटार नको. मोटारीच्या आवाजाने ती उडतात."

भागूबाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "वल्हवायचं म्हंता? मंग उजाडायच्या आत या. ऊन चढल्यावर वारं सुटतं, वल्ह्याला आवरत नाय."

पुढच्या रविवारी पहाटे आमरीनने मुकुंदवाडीतल्या घरातून स्कूटी बाहेर काढली तेव्हा मोहियोद्दीन शाल गुंडाळून दारात आले. "इत्ती ठंड में परिंदों के पीछे? लोगां हसेंगे, बेटा."

"हस चुके, अब्बा," ती म्हणाली आणि तिने हेल्मेटचा पट्टा आवळला.

सव्वा तासाचा रस्ता. पैठण रस्त्याने जाताना बोटं अशी गारठली की ब्रेक दाबताना हाताखाली काय आहे तेही कळेना. पण पाण्यावर पोचली आणि धुकं बघून तिचा धीरच खचला. दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. साडेनऊला धुकं फाटलं, तर बेट रिकामं. तो रविवार गेला.

त्याच्या पुढच्या रविवारी पक्षी होते, कडंही दिसलं, पण चिखलाने माखलेलं. तिसरी खेप जमेपर्यंत जानेवारी संपत आला; तेव्हा कडं स्वच्छ होतं, तर होडी हलत होती. दुर्बिणीत अक्षरं अशी नाचत होती की पहिलं अक्षर इंग्रजी ए आहे एवढंच कळलं. दुसरा आकडा एक, चार की सात, देव जाणे. तिने हात लांब करून भागूबाईला दाखवलं, "तो बघा, तिसऱ्या दगडावर," आणि थवा उडाला.

"बोट नगा दाखवू," भागूबाई म्हणाली. "पाखरं रोजच्या मानसाला भेत नायत, हात वर झाला की भेतात. म्या रोज जाळं धुते तर पायापाशी येत्यात. आन ती कडीवाली तर लई धीट हाय."

आमरीनने दुर्बीण खाली घेतली. "कडीवाली?"

"तीच की. हिरव्या कडीची. लई सालापासून येती."

"मावशी! तुम्हाला माहीत होतं? मग त्या दिवशी होडीत का नाही बोललात?"

"मला कुनी इचारलं?" भागूबाईने वल्हं पाण्याबाहेर घेतलं, पाणी निथळू दिलं. "तुमचं सर म्हनले दोरा हाय. म्या म्हनलं, असंल बा त्यांचा दोरा."

वीस वर्षं मंडळ या बाईच्या होडीत बसून पक्षी मोजत होतं आणि ही बाई मागे मोटारीपाशी बसून गप्प ऐकत होती. आमरीन सावकाश म्हणाली, "आता मी विचारते. कधीपासून येते?"

भागूबाईने जरा आठवलं. "माझ्या नातीचं बारसं झालं त्या हिवाळ्यात पयल्यांदा दिसली. नात आता चौथीला हाय. दसरा झाला की येती, थंडी सरली की जाती. मधी धरण आटलं व्हतं बगा, त्या साली नाय आली. आनखी एक साल नाय आली, ते काऊन ते ठाव नाय. म्या समजले, मेली. तर पुढच्या साली हाजीर."

"तीच कशावरून? कडं दुसऱ्या पक्ष्याच्या पायात असेल."

"डाव्या पायात कडी, आन उजव्या पायाचं मधलं बोट अर्धं तुटल्यालं. दोन पाखरांचं बोट एकाच जागी कसं तुटंल?"

आमरीनने वही काढली आणि होडीतच सगळं लिहून घेतलं. मग भागूबाईनेच तिला बजावलं, "पर बाई, आता दिस कमी हायत. तिचं डोकं बगा. कानामागं काळं पडाया लागलंय. ते सगळं डोकं काळं झालं की ती ऱ्हात नाय. आठ-धा दिसांत जाती."

फेब्रुवारी लागला. पहिल्या रविवारी वाऱ्याने लाटा उठल्या. भागूबाईने होडी सोडायला साफ नकार दिला. आमरीन काठावर बसून दुपारपर्यंत समोरच्या बेटाकडे बघत राहिली आणि परत आली. दुसऱ्या रविवारी सहलीची एक होडी गाणी वाजवत बेटाला लागून गेली. जे पक्षी उडाले ते परतलेच नाहीत. त्याच दिवशी विश्वजीत सरांचा मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला, की यंदाची यादी महिनाअखेर बंद होणार. पुराव्याशिवाय काही घेतलं जाणार नाही. नाव कुणाचं नव्हतं, पण कुणासाठी होता ते सगळ्यांना कळलं.

आमरीन त्या दिवशी चिडली नाही. सोमवारी दुकान उघडल्यावर तिने एक कागदाची पट्टी कापली, पक्ष्याच्या पायातल्या कड्याएवढी, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी तीन अक्षरं लिहिली आणि ती दुकानाबाहेरच्या गल्लीत एका खांबावर चिकटवली. मग दुर्बीण घेऊन ती एकेक पाऊल मागे सरत गेली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. शेजारच्या दुकानदाराने विचारलंसुद्धा, "क्या मॅडम, खंबे का नंबर निकाल रहे?" तिने उत्तर दिलं नाही. चाळीस पावलांवरून नुसता ठिपका. तीस पावलांवरून अक्षरं आहेत एवढंच. पंचवीस पावलांच्या आत आली तेव्हा तिन्ही अक्षरं लख्ख वाचता आली. तीही हात स्थिर असेल तर.

म्हणजे होडीतून हे कधीच जमणार नव्हतं. जमिनीवर पडून, पंचवीस पावलांच्या आत. रविवारपर्यंत थांबायलाही वेळ नव्हता.

"अब्बा, बुधवारी दुकान बंद ठेवते."

चौदा वर्षांत तिने चालू दिवशी दुकान बंद ठेवलं नव्हतं. मोहियोद्दीननी वर्तमानपत्र बाजूला केलं, लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. "बंद कायकू? तयार चश्मे मैं देता ना लोगां को. तू जा. पर पढ़ को आ. आधा पढ़ को नक्को आना."

बुधवारी तांबडं फुटायच्या आत भागूबाईने होडी बेटाला लावली. पाणी उतरल्याने बेट आता पसरलं होतं, कडेला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. आदल्या संध्याकाळच्या मासळीची आतडी-कल्ले तिने एका घमेल्यात भरून आणले होते; ते तिने पाण्याच्या कडेला पसरले. मग वीस पावलं मोजून तिथे दोन पोती अंथरली. होडी तिने बेटाच्या पलीकडच्या अंगाला नेऊन दगडाआड लपवली आणि परत येऊन म्हणाली, "पडा. हे जुनं जाळं दोघींवर घिऊ. आन आता खोकला आला तरी गिळायचा."

दोघी पोटावर पडल्या. वर मळकं जाळं, खाली ओल. आमरीनच्या कोपरातून गारवा खांद्यापर्यंत चढला. उजेड आला. आधी दोन टिटव्या आल्या, ओरडून गेल्या. मग एक सुरय पाण्यावर फेऱ्या मारत राहिली. सात वाजले. पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेही कळेना. पोत्यातून पाणी वर आलं आणि स्वेटर भिजला. साडेसातला पहिला कुरव उतरला, त्यामागे दुसरा, आणि मग पंधरा-वीस एकदम. चिखलात आतड्यांवर झोंबाझोंबी सुरू झाली.

"आली," भागूबाई श्वासात बोलली. "ती बगा, उजव्या अंगाला. डोकं समदं काळं झालंय."

आमरीनने दुर्बीण इंचभर सरकवली. तीच होती. पोट भरून ती पाण्याकडेच्या एका दगडावर चढली, पिसं झटकली आणि डावा पाय पोटात ओढून घेऊन, उजव्या पायावर उभी राहून, झोपी गेली.

कडं पोटातल्या पिसांत गडप.

आमरीनला रडावंसं वाटलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. ऊन पाठीवर आलं, जाळ्याला मासळीचा वास सुटला, नाकावर माशी बसली. दूर कुठेतरी मोटारीचा आवाज आला तेव्हा दोघींनी श्वास रोखून धरला. पण तो आवाज दुसरीकडे वळला. दुर्बीण धरून धरून आमरीनचं मनगट अवघडलं होतं. भागूबाईने न बोलता आपली मूठ तिच्या मनगटाखाली टेकू म्हणून सरकवली.

चाळीस मिनिटांनी कडीवालीने डोळा उघडला. पाय खाली ठेवला. दगडावरून उतरून ती पाण्यात गेली, डुबकी मारली, पंख फडफडवून बाहेर आली आणि ओल्या, धुतलेल्या कड्यासह डावी बाजू दाखवत दोघींसमोरून चालत गेली.

ए. चार. के.

ती वळली, परत आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत आमरीनने पापणी लववली नाही. मग तिच्या मनात आलं, पाटी पाठ झालेला माणूस न बघताही बरोबर वाचतो. आपण चार बघायचं ठरवलं म्हणून तर चार दिसला नाही? तिने दुर्बीण भागूबाईकडे सरकवली. "मावशी, तुम्ही बघा. मी काय वाचलं ते सांगणार नाही. तुम्हाला जे दिसतंय ते चिखलात काढा."

"मला कुटं लिव्हता येतं?"

"लिहू नका. नक्षी काढतात तशी काढा."

भागूबाईने दुर्बीण डोळ्यांना लावली. दोनदा हलवून तिला पक्षी सापडला. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिने जाळ्याबाहेर हात न काढता, नाकासमोरच्या ओल्या चिखलात बोटाने रेघा ओढल्या. आधी होडीच्या टोकासारखे दोन तिरके दांडे आणि त्यांच्यामध्ये आडवी काडी. मग एक तिरकी रेघ, तिला आडवी, तिला छेदणारी उभी. शेवटी एक उभा खांब आणि त्याला चिकटलेली दोन तंगड्यांसारखी फाकलेली रेघ.

ए. चार. के.

आमरीनने कपाळ पोत्याला टेकवलं आणि आवाज न करता हसली. मग मोबाइल दुर्बिणीच्या काचेला लावून तिने एकामागून एक फोटो काढले. बहुतेक सगळे फसले. एका फोटोत हिरवं कडं आणि त्यावरची पहिली दोन अक्षरं ओळखू आली. चिखलातल्या रेघांचाही तिने फोटो काढला आणि दोन्ही विश्वजीत सरांना पाठवले.

विश्वजीत सरांचा फोन त्याच संध्याकाळी आला. माणूस हट्टी असला तरी खोटा नव्हता. "मॅडम, माझं चुकलं," ते पहिल्याच वाक्यात म्हणाले. "सगळ्यांसमोर बोललो होतो, रविवारी सगळ्यांसमोरच चूक कबूल करेन. कडी घालणाऱ्या संस्थेला आपण नोंद पाठवू. फॉर्म मी भरलाय. निरीक्षक म्हणून तुमचं नाव आणि मंडळाचं."

"पहिलं नाव भागूबाईंचं घाला, सर."

"होडी त्यांची होती, त्याचे आभार मानू आपण. पण निरीक्षक…"

"त्या या पक्ष्याला नऊ हिवाळे बघतायत. कुठल्या साली आला नाही, तेही त्यांना माहीत आहे. मी फक्त नंबर वाचला. तेही सगळं फॉर्ममध्ये लिहायचं."

"त्याला तारखा नाहीत. ही ऐकीव माहिती होईल, मॅडम."

"ऐकीव नाही, सर. डोळ्यांनी पाहिलेली आहे. ऐकीव तर तुमचा दोरा होता."

बोलून गेल्यावर आमरीनला वाटलं, जरा जास्तच झालं. पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. शेवटी सर म्हणाले, "त्यांचं पूर्ण नाव सांगा."

"भागूबाई रंगनाथ लिंबोरे."

फॉर्म गेला. अकरा दिवसांनी उत्तर आलं, आमरीनच्या ईमेलवर, पण वर नाव होतं भागूबाईचं. रविवारी आमरीन ते कागदावर छापून घेऊन काठावर गेली. भागूबाई जाळ्याची फाटकी गाठ बांधत बसली होती. कडीवाली आठ दिवसांपूर्वीच निघून गेली होती. बेटावर आता थोडेच कुरव उरले होते.

आमरीन तिच्याशेजारी दगडावर बसली आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेली. हिमालयापलीकडे उंचावर एक मोठं सरोवर आहे, त्यातल्या बेटावर या पक्ष्याचा जन्म. अजून उडताही येत नव्हतं तेव्हा, अकरा वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात, त्याच्या पायात हे कडं घातलं. त्यानंतर आजपर्यंत तो जगात कुठेही दिसल्याची एकही नोंद त्यांच्याकडे आली नव्हती. तो जिवंत आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

भागूबाईचा हात गाठीवरच थांबला. "अकरा सालं? आन त्यांना ठावच नव्हतं?"

"नाही. तुम्ही सांगितलं तेवढंच त्यांना ठाऊक आहे. आणि त्यांनी तुम्हाला सात प्रश्न विचारलेत."

"मला?"

"तुम्हाला. मी वाचते, तुम्ही सांगा."

भागूबाईने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. हात पदराला पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू कुणी दारात पाहुणं आलं असावं. आमरीनने वही उघडली. पहिला प्रश्न, दसऱ्यानंतर किती दिवसांनी येते. भागूबाईने बोटांच्या पेरांवर मोजून सांगितलं. दुसरा, एकटी येते की थव्याबरोबर. तिसरा, काय खाते. चौथ्याला तर ती पंधरा मिनिटं बोलत राहिली आणि आमरीनचं पान भरलं. एक माणूस होडीचं विचारायला आला, त्याला तिने हातानेच थांबायला सांगितलं.

पाचवा प्रश्न होता, रात्री हा पक्षी कुठल्या बेटावर मुक्काम करतो.

भागूबाई विचारात पडली. तिने पाण्याकडे पाहिलं, मग या बेटाकडे, मग त्या. आमरीन पेन धरून थांबली.

"लिव्हा," भागूबाई शेवटी म्हणाली, "हे बगितलं नाय. दसऱ्याला आली की बगून सांगते."

आमरीनने तसंच्या तसं लिहिलं आणि सहावा प्रश्न वाचायला घेतला.